दुःखात असताना देवाच्या क्षमेवर विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घ आजार, घरातील अकाली मृत्यू, डोक्यावरचे कर्ज किंवा मोडलेला संसार यांतून जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला जे प्रश्न पडतात, त्यांपैकी काही येथे घेतले आहेत. देव क्षमा करतो हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना रविवारच्या शाळेपासून पाठ असते. घोडे अडते ते पुढे: क्षमा झाली असेल तर हे दुखणे हटत का नाही? या पानावरील जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्याच एका प्रश्नाचे निराळे रूप आहे.

माझे आजारपण ही माझ्या पापाची शिक्षा आहे का?

हाच प्रश्न शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारला होता. पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान 9:1-3). लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा ती माणसे अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून येशूने स्वतःच त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. लगेच पुढे त्याने ऐकणाऱ्या सर्वांना पश्चात्ताप करण्यास सांगितले, हेही विसरू नये. दुसऱ्याच्या संकटावरून त्याच्या पापाचे माप काढण्याची मुभा मात्र त्याने कोणालाही दिली नाही.

तरीही पाप आणि आजार यांचा कधीच संबंध नसतो, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. बेथेसदा तळ्याजवळ बऱ्या झालेल्या माणसाला येशूने ‘पुन्हा पाप करू नकोस’ असे बजावले होते, आणि प्रभुभोजनाचा अवमान केल्यामुळे करिंथच्या मंडळीतील अनेक जण आजारी पडले आहेत, असे पौलाने लिहिले. पण तेथे बोलणारा एकदा स्वतः प्रभू होता आणि एकदा त्याचा प्रेषित. भेटीला आलेल्या शेजाऱ्याला, नातेवाइकाला किंवा पाळकाला तसे ज्ञान दिलेले नसते. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ असे सहज म्हटले जाते. ख्रिस्ती घरांत शब्द बदलतात, ‘कुठेतरी काहीतरी कबूल करायचे राहिले आहे, शोधून काढा’ असे सांगितले जाते, पण रोख तोच असतो. ज्याला स्वतःचे एखादे पाप स्पष्ट ठाऊक आहे, त्याने ते देवापुढे जरूर मांडावे. ज्याला तसे काही आठवत नाही, त्याने आजाराचे कारण सापडावे म्हणून स्वतःचा भूतकाळ उकरत बसण्याची गरज नाही.

पण माझ्यावरचे संकट खरोखरच माझ्या चुकीमुळे आले आहे. तरीही क्षमा लागू होते का?

होते, आणि या बाबतीत कालवरीच्या टेकडीवर येशूच्या बाजूला वधस्तंभावर खिळलेल्या दुसऱ्या गुन्हेगाराइतके उपयोगी उदाहरण शास्त्रात क्वचितच सापडेल. लूकच्या तेविसाव्या अध्यायात तो आपल्या सोबत्याला दटावतो, की आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे, आपण आपल्या कृत्यांचे फळ भोगत आहोत. येशूने त्याचे हे म्हणणे खोडून काढले नाही. ‘तुझा काही दोष नव्हता’ असेही तो म्हणाला नाही. ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ एवढेच वचन त्याने दिले.

वचन मिळाल्यानंतरचे तास कसे गेले, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. तो वधस्तंभावरून खाली उतरला नाही. त्याच्या हातापायांच्या वेदना कमी झाल्याचा उल्लेख नाही. पुढे शब्बाथ लागण्यापूर्वी देह खाली काढता यावेत म्हणून शिपायांनी येशूच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे पाय मोडले, असे योहानाने नोंदवले आहे (19:31-33). म्हणजे ज्याला प्रभूने प्रत्यक्ष तोंडाने सुखलोकाचे वचन दिले, त्याचे पाय त्याच संध्याकाळी मोडले गेले. पाय मोडले गेले म्हणून वचन खोटे ठरले, असे कोणताही ख्रिस्ती वाचक म्हणणार नाही.

दारूमुळे यकृत खराब झालेल्या माणसाला, मधुमेहाचे पथ्य वर्षानुवर्षे न पाळल्याने पाय गमवावा लागलेल्या बाईला किंवा जुगारात घर घालवलेल्या गृहस्थाला हे नेमके लागू पडते. शरीर आणि व्यवहार आपल्या गतीने चालत राहतात. डॉक्टरांचा अहवाल बदलला नाही, बँकेची नोटीस थांबली नाही, याचा अर्थ देवाने प्रकरण पुन्हा उघडले असा होत नाही.

मग दावीदाला क्षमा केल्यावरही देवाने त्याचे मूल का घेतले?

हा उतारा कठीण आहे आणि तो गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरीयाला युद्धात मारवले, त्याबद्दल नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर दोषी ठरवले. दावीदाने पाप कबूल करताच नाथानाने सांगितले, की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच दमात, तुझे मूल मरेल, असेही सांगितले (2 शमुवेल 12). मजकूर मुलाचा मृत्यू दावीदाच्या कृत्याशी जोडतो, हे नाकारता येत नाही, आणि त्या निरपराध बाळाबद्दल वाचकाच्या मनात उठणारा प्रश्न हा अध्याय सोडवत नाही.

त्यात पाहण्यासारखे आहे ते दावीदाचे वागणे. मूल आजारी असताना तो उपाशीपोटी जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल गेले, तेव्हा ही बातमी राजाला कशी सांगावी म्हणून चाकर आपसात कुजबुजू लागले. दावीदाला ते उमगले. तो उठला, त्याने स्नान केले, तेल लावले, वस्त्रे बदलली, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन त्याला नमन केले, आणि मग घरी येऊन जेवण मागितले. मूल गेले म्हणजे क्षमाही गेली, असा निष्कर्ष त्याने काढला असता तर तो मंदिराकडे फिरकला नसता.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. हा अध्याय एका राजाला, एका विशिष्ट प्रसंगी, संदेष्ट्याकरवी आलेल्या निरोपाचा आहे. बाळ गमावलेल्या आईला तो ऐकवणे हा क्रूरपणा आहे, मग ऐकवणाऱ्याच्या हातात बायबल असो वा नसो.

देवाने मला क्षमा केली आहे हे कशावरून ओळखावे? मनाला तसे वाटतच नाही.

मनाला वाटणे ही क्षमेची पावती नव्हे. ताप, झोपमोड, औषधांचे परिणाम, शोक यांमुळे मन इतके थकलेले असते, की त्याला आनंद जाणवत नाही आणि शांतीही जाणवत नाही. जे मन जेवणाची चव ओळखू शकत नाही, त्याच्याकडून देवाच्या निर्णयाची खात्री मागू नये. प्रेषित योहानाने क्षमेचा आधार दुसरीकडे ठेवला आहे: ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसू व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील.’ या वाक्यात आपल्या वाट्याचे काम पापे पदरी घेण्यापुरतेच आहे. बाकीचा भार देवाच्या विश्वासूपणावर आणि न्यायावर टाकलेला आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर जी किंमत दिली, ती तुमच्या आजच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही.

कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची गोष्ट याच संदर्भात वाचावी (मार्क 2:1-12). चार माणसांनी छप्पर उकरून त्याला बाजेसकट खाली सोडले, तेव्हा जमलेल्या सर्वांना त्याच्या चालण्याची अपेक्षा होती. येशूने आधी पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. त्यानंतर शास्त्र्यांच्या मनातली शंका आणि तिला दिलेले उत्तर होईपर्यंत तो माणूस क्षमा मिळालेल्या स्थितीतच बाजेवर पडून होता. तो अवधी थोडाच होता. काहींच्या वाट्याला तो वर्षांचा येतो.

एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावे का?

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना आपली पापे तासन्तास कबूल करीत असे, आणि बाहेर पडताच काहीतरी राहून गेल्याच्या शंकेने परत येत असे. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ याने त्याला स्वतःकडे पाहणे सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहण्यास सांगितले. हा सल्ला आजही कामाचा आहे. पाप पुन्हा घडले असेल तर ते पुन्हा कबूल करावे. जुनेच पाप, ज्याची कबुली एकदा मनापासून दिली आहे, ते पुन्हा वर आले तर त्याच्या क्षमेबद्दल आभार मानावेत आणि पुढे जावे.

मात्र आपण अपराधी आहोत हा विचार दिवसरात्र पाठ सोडत नसेल, त्यासोबत झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नये: घरातल्या कोणाला तरी लगेच सांगावे, किंवा शासनाच्या टेली मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. प्रार्थना त्यानंतरही करता येते, आणि फोन करतानाही.

उपास-प्रार्थना करूनही मी बरा झालो नाही. माझा विश्वास कमी पडला का?

पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर आले, ते असे: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला. त्याच पौलाने त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवले, आणि तीमथ्याला पोटासाठी व वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. या तिघांच्या विश्वासात खोट होती असे कोणी म्हणत नाही. ज्या सभांमध्ये बऱ्या झालेल्यांच्याच साक्षी सांगितल्या जातात आणि बरे न झालेल्यांना मागच्या रांगेत स्वतःचा दोष शोधत बसावे लागते, त्या सभांनी आपली पद्धत तपासली पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

इब्री लोकांस पत्रात देव शिस्त लावतो असे म्हटले आहे. शिक्षा आणि शिस्त यांत फरक काय?

शिक्षा मागे पाहते आणि हिशेब चुकता करते. शिस्त पुढे पाहते आणि माणूस घडवते. तो हिशेब ख्रिस्ताने चुकता केला, म्हणूनच ‘ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच’ असे पौल रोमकरांस लिहितो. हाड जुळल्यावर फिजिओथेरपिस्ट जो हात रोज वाकवतो, त्यात दुखते खरे, पण ते हात मोडल्याबद्दलचे शासन नसते. इब्री 12 मधील शिस्त या जातीची आहे, आणि ती पित्याने मुलांना लावलेली आहे. प्रत्येक दुःखामागे अमुक धडा आहे असे मात्र त्या अध्यायावरून ठरवू नये. आपल्यावर काय घडवले जात आहे हे सोसणाऱ्याला कित्येकदा अखेरपर्यंत कळत नाही. एकामागून एक संकटे सोसलेल्या ईयोबाला त्याच्या नावाच्या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांतील स्वर्गातले संभाषण कधीच सांगितले गेले नाही.

मला देवाचा राग येतो. असा राग आल्यामुळे क्षमा हिरावली जाईल का?

नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते इस्राएलाच्या उपासनेच्या ग्रंथात आहे. स्वतः येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले. ईयोबाने तर देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा केली. तरी शेवटी देवाने ईयोबाचा मित्र अलीफज याला सुनावले, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. धार्मिक सुभाषिते सांगणाऱ्या मित्रांसाठी ईयोबालाच मध्यस्थी करावी लागली. देवाशी भांडणारा माणूस निदान देवाकडे तोंड करून उभा असतो.

पाळकाकडे किंवा फादरांकडे जाऊन पाप कबूल करणे आवश्यक आहे का?

परंपरेनुसार उत्तर बदलते. कॅथलिक ख्रिस्तसभेत गंभीर पापासाठी धर्मगुरूंकडे पापनिवेदन करणे हा संस्काराचा भाग आहे, आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हाही संस्कार आहे. तो केवळ शेवटच्या घटकेसाठी असतो हा वसईपासून गोव्यापर्यंत अनेक घरांत रुजलेला समज चुकीचा आहे. 1972 मध्ये सुधारलेल्या विधीनुसार तो गंभीर आजारी असलेल्या किंवा वार्धक्याने थकलेल्या कोणालाही घेता येतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये कबुली थेट देवाजवळ दिली जाते, तरी याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून तेल लावून प्रार्थना करण्यास आणि एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. दुसऱ्या माणसाच्या तोंडून क्षमेची घोषणा ऐकल्याने जो दिलासा मिळतो, तो स्वतःच्या मनाशी बोलून सहसा मिळत नाही. तोंड सांभाळणारी व्यक्ती मात्र निवडावी. ज्यांच्याजवळ सांगितलेली गोष्ट पुढच्या प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून फिरते, त्यांच्यापासून दूर राहावे.

ज्यांनी मला दुखावले त्यांना मी क्षमा करू शकत नाही. मग देव मला क्षमा करील का?

प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच येणारे येशूचे शब्द कडक आहेत: तुम्ही इतरांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही (मत्तय 6:14-15), आणि ते सौम्य करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण क्षमा करण्याची इच्छा असूनही मन साथ देत नाही, हे एक. आणि सूड घ्यायचाच हा निश्चय, हे दुसरे. पहिल्या स्थितीत असलेल्याने ‘प्रभू, मला जमत नाही, तू मदत कर’ एवढे म्हणावे, आणि जखम खोल असेल तर ते रोज म्हणावे लागेल.

क्षमा करणे म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणे नव्हे, फसवणाऱ्या भावाच्या हाती पुन्हा सातबारा देणे नव्हे, किंवा अत्याचाराची तक्रार मागे घेणेही नव्हे. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर आणि गप्प बस’ असे पीडितेला सांगणारे लोक शास्त्राचा आधार घेऊन गुन्हेगाराला वाचवत असतात. उलट बाजूने, आपणच कोणाचे नुकसान केले असेल तर देवाची क्षमा मिळाली म्हणून माणसाची भरपाई माफ होत नाही. जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती.

माझ्या हातून अक्षम्य पाप घडले असेल का?

ज्याला ही भीती वाटते, त्याच्या हातून ते घडलेले नाही, असे मंडळीतील अनुभवी उपदेशक पूर्वीपासून सांगत आले आहेत. येशूने ज्याला अक्षम्य म्हटले, ती पवित्र आत्म्याची निंदा म्हणजे ख्रिस्ताच्या कार्याला जाणूनबुजून सैतानाचे म्हणणे आणि त्यावर अडून बसणे. क्षमेसाठी तळमळणारा माणूस त्या जागी उभा नसतो.

देवाच्या माणसांवरही एकामागून एक आघात का होतात?

याचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नाही, उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरही काही वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. पापक्षमेची खात्री त्यांना उशिरा पटली, आणि ती पटल्यावर दुःखे थांबली असेही नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचा उजवा हात असलेली एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकू कमी येत होते, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी चालू ठेवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. मुलीच्या मृत्यूतून त्यांनी देवाच्या रोषाचा अर्थ काढला असता, तर शेवटचे ते महिने भाषांतरात गेले नसते.

आजाऱ्याला भेटायला जाताना काय बोलावे?

कमी बोलावे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तेवढेच त्यांचे काम चांगले झाले. तोंड उघडल्यावर सगळे बिघडले. रुग्णाने स्वतःहून पापाचा विषय काढला तर ऐकून घ्यावे, ‘छे, असे काही नाही’ म्हणून उडवून लावू नये, कारण त्याला कदाचित खरेच काही सांगायचे असते. त्याने काढला नाही तर आपण काढू नये. इतर कोणाला कर्करोग कसा बरा झाला, हे सांगणेही टाळावे.

आजाऱ्याजवळ कोणता शास्त्रभाग वाचावा?

स्तोत्र 130 केवळ आठ वचनांचे आहे आणि खोल गर्तेतून हाक मारणाऱ्यासाठीच आहे. स्तोत्र 103 ची आठ ते चौदा ही वचने, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट, आणि लूक 23 मधील वर आलेला भाग हेही चालतात. सलाईन लागलेल्या किंवा प्राणवायूच्या नळीवर असलेल्या माणसाला अख्खा अध्याय झेपत नाही. तीनचार वचने सावकाश वाचावीत, त्याला पाठ असलेल्या जुन्या भाषांतरातूनच वाचावीत, आणि तो ओठ हलवू लागला तर त्याच्या गतीने थांबत पुढे जावे. वाचल्यावर प्रवचन जोडू नये. ऐकता ऐकता त्याला झोप लागली तर पुस्तक मिटून तसेच बसून राहिले तरी चालते.